परवाने गेले, पहारा मात्र बसलाच नाही

उदारीकरणाने देशाच्या पर्यावरणाची हानी केली की हित साधले, या वादात दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. गेल्या तीन दशकांतील अनुभव तपासला, तर खरा दोष बाजार खुला करताना जी नियंत्रण यंत्रणा उभारायला हवी होती, ती न उभारण्यात आहे, असे दिसून येते.

२४ जुलै १९९१ रोजी केंद्र सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले आणि त्याच दिवशी तत्कालीन अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी खालावली होती. त्या परिस्थितीत अठरा उद्योग वगळता बाकी सर्व उद्योगांना परवान्याच्या सक्तीतून मुक्त करण्यात आले. कोणी किती माल तयार करायचा, कोणते यंत्र बाहेरून आणायचे, कारखान्याची क्षमता किती वाढवायची, हे सारे दिल्लीत ठरण्याचा काळ संपला.

योगायोग असा, की त्याच वर्षी १९ फेब्रुवारी रोजी किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली होती. एकाच वर्षात सरकारने उद्योगांवरील एक बंधन काढले आणि किनाऱ्यावरील बांधकामांवर दुसरे बंधन घातले. त्यानंतरचा काळ या दोन प्रवृत्तींमधील ओढाताणीचाच आहे. या ओढाताणीत देशाची हवा, पाणी आणि जमीन यांचे काय झाले, याचा ताळेबंद मांडताना सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा लागतो.

आधीचे चित्रही स्वच्छ नव्हते

उदारीकरणावर टीका करताना त्याआधीचा काळ नकळत सोज्वळ ठरवला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. भोपाळची वायुदुर्घटना डिसेंबर १९८४ मधील, म्हणजे परवाना राजवट भरात असतानाची. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हटले जाऊ लागले ते सत्तरच्या दशकात. कल्याणजवळच्या काळू नदीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने बिघडले, तेही परकीय गुंतवणुकीचे दरवाजे उघडण्यापूर्वी. जल प्रदूषणविषयक कायदा १९७४ मध्ये, हवेच्या प्रदूषणाचा १९८१ मध्ये आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये करावा लागला, यावरूनच प्रश्न किती जुना आहे हे कळते.

बंदिस्त अर्थव्यवस्थेची स्वतःची अशी पर्यावरणीय किंमतही होती. स्पर्धाच नसल्याने त्याच त्या आराखड्याच्या मोटारी दशकानुदशके रस्त्यावर धावत राहिल्या. आयातीवरील निर्बंध आणि भरमसाट शुल्क यांमुळे कारखान्यांत जुनाट, अधिक इंधन खाणारी यंत्रे टिकून राहिली. अनेक वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव असल्याने रंग, रसायने, कातडी कमावणे यांसारखे प्रदूषणकारी व्यवसाय लहान लहान घटकांत विखुरले गेले. त्यांना सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा एकट्याने उभारणे परवडत नव्हते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे शासनालाही झेपत नव्हते.

तेव्हा खुलेपणाआधी सर्व काही आलबेल होते आणि बाजार आल्यावर ऱ्हास सुरू झाला, ही मांडणी टिकत नाही. मात्र याची उलट बाजूही तपासली पाहिजे. देश श्रीमंत होऊ लागला की पर्यावरण आपोआप सुधारेल, हा दावाही तितकाच तकलादू आहे.

तीन परिणाम, तीन दिशा

हा दुसरा दावा ज्या संशोधनाच्या आधारे केला जातो, तेही १९९१ मधलेच. जीन ग्रॉसमन आणि अॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराच्या संदर्भात पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास केला. व्यापार खुला झाला की तीन गोष्टी घडतात, असे त्यांनी दाखवले. उत्पादनाचे एकूण प्रमाण वाढते, त्यामुळे प्रदूषण वाढते. देशातील उद्योगांची रचना बदलते; ती स्वच्छ उद्योगांकडे झुकते की घाणेरड्या, यावर परिणाम ठरतो. आणि तिसरे, नवे तंत्रज्ञान येते, त्यामुळे एका वस्तूमागे होणारे प्रदूषण घटते.

उत्पन्न एका पातळीपलीकडे गेल्यावर काही प्रकारचे प्रदूषण कमी होऊ लागते, हेही त्यांच्या आकडेवारीत आढळले. पुढे ‘पर्यावरणीय कुझनेट्स वक्ररेषा’ या नावाने हा निष्कर्ष धोरणकर्त्यांच्या तोंडी रुळला. ‘आधी विकास, मग स्वच्छता’ या घोषणेला त्यातून शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले. परंतु ही सुधारणा आपोआप घडत नाही, लोकांच्या मागणीमुळे येणारे कठोर नियम हे तिचे मुख्य कारण असते, हा इशारा याच दोन संशोधकांनी १९९५ मध्ये दिला होता. तो मात्र फारसा कोणी उद्धृत केला नाही.

भारतात हे तिन्ही परिणाम एकाच वेळी घडले. कोणत्या क्षेत्रात कोणता परिणाम वरचढ ठरला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

मोटारी स्वच्छ, हवा मात्र नाही

शहरी वाचकाच्या रोजच्या अनुभवातील उदाहरण वाहनांचे. १९९१ मध्ये देशात नोंदणी झालेली वाहने सुमारे २ कोटी १४ लाख होती. २००१ मध्ये ती साडेपाच कोटी झाली आणि २०११ मध्ये १४ कोटी १८ लाखांवर पोचली. वीस वर्षांत सहा पटींहून अधिक वाढ.

याच काळात प्रत्येक वाहनातून निघणाऱ्या धुरावरील बंधने सातत्याने कडक होत गेली. १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि उत्प्रेरक बसवलेल्या मोटारी आल्या. फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशातूनच हद्दपार झाले. त्यानंतर ‘भारत स्टेज’ या नावाने ओळखले जाणारे निकष टप्प्याटप्प्याने लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून तर पाचवा टप्पा ओलांडून थेट सहावा टप्पा देशभर लागू करण्यात आला आणि इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. परदेशी कंपन्यांशी स्पर्धा आणि जगाच्या बाजारात मोटारी विकण्याची आकांक्षा नसती, तर भारतीय उद्योगाने हे तंत्रज्ञान इतक्या वेगाने स्वीकारले असते काय, याविषयी शंकाच आहे.

यातील काही टप्पे न्यायालयाच्या दट्ट्यामुळे पार पडले, हेही विसरता येणार नाही. दिल्लीतील बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. तिसऱ्या टप्प्याच्या निकषांची शिल्लक वाहने १ एप्रिल २०१७ नंतर विकू देण्याची उत्पादकांची विनंती याच न्यायालयाने फेटाळली.

असे असूनही शहरांची हवा त्या प्रमाणात सुधारली नाही. प्रत्येक गाडी स्वच्छ झाली, पण गाड्यांच्या संख्येने तो लाभ गिळून टाकला. बांधकामांची धूळ, कोळशावरील वीज आणि कचरा जाळणे यांची त्यात भर पडली. २०१९ या एका वर्षात भारतातील सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यूंचा संबंध हवेच्या प्रदूषणाशी लावता येतो, असा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झाला होता.

येथे एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाला, डिझेलचा मात्र ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात शेतकरी आणि मालवाहतूकदार यांच्यासाठी म्हणून स्वस्त ठेवलेल्या डिझेलवर शहरांतील आलिशान गाड्या धावू लागल्या आणि विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या डिझेलवरच्या झाल्या. गाड्यांचा बाजार खुला आणि इंधनाचा दर बांधलेला, या अर्धवट धोरणाची किंमत शहरवासीयांच्या फुप्फुसांनी मोजली.

रसायनांचा बदललेला भूगोल

दुसरे उदाहरण उद्योगांच्या रचनेचे. डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक बँकेतील एक अंतर्गत टिपण तयार झाले आणि काही आठवड्यांतच ते जगजाहीर झाले. प्रदूषणकारी उद्योग गरीब देशांत हलवण्याला अर्थशास्त्रीय समर्थन आहे, अशा आशयाच्या त्या टिपणावर बँकेचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ लॅरी समर्स यांची सही होती. ते उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा नंतर झाला. तथापि त्यात वर्णन केलेली प्रक्रिया जगात खरोखरच सुरू होती.

भारतात ती परदेशी कारखाने उचलून आणण्याच्या रूपात फारशी आली नाही. ती आली निर्यातीच्या मागणीतून. कंपन्या देशी, कामगार देशी. माल परदेशी बाजारासाठी आणि उरलेले सांडपाणी येथल्या ओढ्यांत. हैदराबादजवळील पाटणचेरू हे याचे ठळक उदाहरण. औषधांची मूळ द्रव्ये तयार करणारे कारखाने तेथे एकवटले आणि जगभरच्या औषधनिर्मात्यांना स्वस्त माल मिळू लागला. स्वीडनमधील संशोधकांनी तेथील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले, तेव्हा त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. त्या केंद्राकडे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी येत होते. रुग्णाच्या रक्तात उपचाराच्या काळात जेवढे औषध असते, त्याहून हे प्रमाण जास्त होते. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणारे जंतू अशा पाण्यात वाढतात आणि ते कोणत्याही देशाची सीमा मानत नाहीत.

त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या प्रमाणावर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने काढला. २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्यांतून या मर्यादा वगळलेल्या होत्या.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक वसाहतींची पाहणी करून त्यांपैकी ४३ ‘अतिगंभीर प्रदूषित’ ठरवल्या. गुजरातमधील अंकलेश्वर आणि वापी अग्रभागी होते. महाराष्ट्रातील चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही पाच ठिकाणे त्या यादीत होती. जानेवारी २०१० मध्ये या वसाहतींत नव्या प्रकल्पांना आणि विस्ताराला पर्यावरण मंजुरी देणे थांबवण्यात आले. मात्र सुधारणेचे कृती आराखडे सादर होताच एकेका ठिकाणची स्थगिती उठवली गेली. आराखडा कागदावर उतरणे आणि नाल्यातील पाणी स्वच्छ होणे यांतील फरक २०१८ च्या पाहणीने दाखवून दिला. आधीच्या पाहणीत ७२ गुणांवर असलेले तारापूर या वेळी ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरले.

तारापूरच्या खाडीत आणि समुद्रात जे सोडले जाते, त्याचा पहिला फटका बसतो तो मच्छीमारांना. त्यांच्याच समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तेथील शंभराहून अधिक कारखान्यांवर पर्यावरणीय भरपाई बसवली. ज्या कामासाठी शासनाने पगारी यंत्रणा नेमली आहे, ते काम मासे पकडणाऱ्या लोकांना वकील लावून करावे लागले.

गोव्याच्या खाणींचा धडा

बाहेरच्या मागणीने उत्पादनाचे प्रमाण एकाएकी वाढले, तर काय होते, याचा धडा गोव्याने दिला. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या सवलतींतून सुरू झाल्या. १९८७ च्या कायद्याने त्या सवलतींचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. खाणी पूर्वीपासून खासगीच होत्या. नंतर बदलली ती बाजारपेठ.

चीनचे पोलाद उत्पादन २००० मध्ये सुमारे १३ कोटी टन होते. २०१० मध्ये ते सुमारे ६४ कोटी टनांवर गेले. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला होता. या प्रचंड भुकेपुढे गोव्याचे कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. पूर्वी टाकाऊ म्हणून रचून ठेवलेले ढीगदेखील मोलाचे ठरले. शतकाच्या आरंभी वर्षाला दीड-दोन कोटी टनांच्या घरात असलेली गोव्यातील बंदरांमधून होणारी निर्यात २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या वर गेली. त्यात कर्नाटकातून आलेल्या काही खनिजाचाही समावेश होता.

एक टन खनिज काढण्यासाठी गोव्यात साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड उपसावा लागतो. हा उपसा डोंगरउतारावर रचला जातो आणि कोकणपट्टीच्या पावसात तो खाली शेतांत आणि ओहोळांत येतो. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांत हेच घडले. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्यावर पाणी उपसून बाहेर टाकावे लागले आणि भोवतालच्या विहिरी आटू लागल्या. उसगाव आणि कुडचडे परिसरातील रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची अखंड रांग लागली. लाल धुळीत गावे बुडाली.

या साऱ्यातून जनतेच्या तिजोरीत काय आले? ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरील स्वामित्वधन टनामागे ठरावीक रुपयांत आकारले जात होते आणि ते उत्तम प्रतीच्या खनिजालाही तीस रुपयांच्या आत होते. जगात खनिजाचा भाव कितीही चढला, तरी त्याचा लाभ शासनाला मिळत नव्हता. त्यानंतर ते किमतीच्या दहा टक्के करण्यात आले. तोवर तेजीची अनेक वर्षे निघून गेली होती. निसर्गाने कोट्यवधी वर्षे घडवलेली संपत्ती देशाने जवळजवळ मातीमोल भावाने दिली, असेच म्हणावे लागेल.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यासंबंधीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. अहवाल येताच राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे तेजीच्या ऐन भरातील सुमारे पाच वर्षे पट्ट्यांविनाच खाणकाम चालले आणि ते थांबवणे कोणाही अधिकाऱ्याला आवश्यक वाटले नाही. न्यायालयाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली, अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामास मनाई केली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठीच्या कायम निधीत ठेवण्यास सांगितले.

त्यानंतरही धडा पुरता शिकला गेला नाही. खाणपट्ट्यांचा लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. त्याच्या तोंडावर राज्य सरकारने जुन्याच धारकांचे पट्टे घाईघाईने नूतनीकृत केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ८८ पट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

दोन्ही वेळा सर्वांत मोठा आघात झाला तो कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांवर, बार्जवरील खलाशांवर आणि खाणकामगारांवर. ज्यांची शेते गाळाने भरली ते शेतकरी आणि ज्यांचे हप्ते थकले ते ट्रकमालक एकाच गावात राहत होते. पुष्कळदा ती दोन माणसे एकाच घरातली होती. वेळेवर नियमन झाले असते, तर वर्षानुवर्षे मर्यादित प्रमाणात चालू शकणारा हा व्यवसाय आधी बेफाम आणि मग ठप्प, अशा दोन टोकांत सापडला नसता. कर्नाटकातील बळ्ळारीतही २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खाणी बंद कराव्या लागल्या होत्या. सैल शासनाची परिणती अखेर सरसकट बंदीत होते आणि त्यात प्रामाणिक व्यावसायिकही भरडला जातो.

मंजुरीची प्रक्रिया कोणासाठी?

मग पहारा का बसला नाही, हा मूळ प्रश्न उरतो. कायदे नव्हते असे नाही. २७ जानेवारी १९९४ रोजी मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे झाले. १९९७ मध्ये जनसुनावणीची तरतूद आली. परंतु प्रकल्पाचा परिणाम काय होईल, हे सांगणारा सल्लागार प्रकल्पाचा प्रवर्तकच नेमतो आणि त्याचे शुल्कही तोच देतो. अशा अहवालातून प्रतिकूल निष्कर्षाची अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरून नाही.

२००२ मध्ये गोविंदराजन समितीने गुंतवणुकीतील विलंबाचा अभ्यास केला आणि पर्यावरण मंजुरी हे विलंबाचे एक प्रमुख कारण ठरवले. तेव्हापासून सुधारणेचा अर्थ ‘मंजुरी लवकर देणे’ असाच घेतला गेला. १४ सप्टेंबर २००६ ची नवी अधिसूचना याच विचाराने आखली गेली. मंजुरी किती दिवसांत मिळाली याची मोजदाद झाली. मंजुरीतील अटी किती प्रकल्पांनी पाळल्या, याची तशी मोजदाद झाली नाही. अनेक राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांत मंजूर पदांपैकी मोठ्या संख्येने पदे रिकामी राहत आली आहेत. ज्या मंडळाकडे नमुने गोळा करायला माणसे नाहीत, त्याने हजारो कारखान्यांवर देखरेख ठेवावी, ही अपेक्षाच फोल आहे.

जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र पर्यावरण नियामक नेमण्याचा आदेश दिला होता. दूरसंचार, विमा, वीज आणि भांडवली बाजार ही क्षेत्रे खुली झाली, तेव्हा त्यांच्यासाठी नियामक आले. तसा स्वायत्त नियामक पर्यावरणाच्या वाट्याला आला नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या तरतुदींऐवजी दंडाची पद्धत आणली. मंजुरीविना सुरू केलेल्या प्रकल्पांना नंतर मंजुरी देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बेकायदा ठरवली. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. आधी बांधा आणि मग परवानगी मागा, या वृत्तीला यातून कोणता संदेश जातो, हे सांगायला नको.

जेथे जमले, तेथे काय होते?

चित्र सर्वत्र निराशाजनक आहे असे मात्र नाही. सौरऊर्जेचा दर २०१० च्या सुमारास युनिटमागे बारा रुपयांच्या आसपास होता. राजस्थानातील भाडला येथे मे २०१७ मधील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. स्पर्धात्मक लिलाव, आयात केलेली स्वस्त उपकरणे आणि सरकारने दिलेली दीर्घ मुदतीची खरेदीची हमी यांमुळे हे शक्य झाले. एलईडी दिव्यांच्या बाबतीतही सरकारी कंपनीने एकत्रित खरेदी केल्यावर २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये असलेला दर दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली उतरला.

ही उदाहरणे आणि वाहनांचे निकष यांत एक साम्य आहे. प्रत्येक ठिकाणी शासनाने बाजाराला एक निश्चित उद्दिष्ट, एक मोजता येणारा निकष आणि एक तारीख दिली. ते कसे गाठायचे, हे उद्योगांवर सोपवले. गोव्यात आणि तारापुरात नेमका याचाच अभाव होता. तेथे निकष कागदावर होते, मोजणी नव्हती आणि उल्लंघनाची किंमत पालनाच्या खर्चापेक्षा कमी होती. अशा स्थितीत जो कारखानदार सांडपाण्यावर खरोखर प्रक्रिया करतो, तो स्पर्धेत मागे पडतो. बाजार मग प्रदूषण करणाऱ्यालाच बक्षीस देतो.

किंमत कोणाच्या खात्यात?

जागतिक बँकेच्या १९९५ मधील एका अभ्यासाने १९९२ च्या सुमारास पर्यावरणाच्या ऱ्हासामुळे होणारे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे साडेचार टक्के असल्याचा अंदाज केला होता. याच बँकेच्या २०१३ मधील अभ्यासात २००९ या वर्षासाठी हे प्रमाण ५.७ टक्के आले. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती भिन्न असल्याने नुकसान नेमके किती वाढले, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण मधल्या काळात अर्थव्यवस्था कित्येक पटींनी मोठी झाली आणि तरीही नुकसानीचा वाटा घटल्याचे दिसत नाही, एवढे निश्चित. उत्पन्न वाढले की प्रदूषण आपसूक उतरेल, या आशेला हा आकडा दुजोरा देत नाही.

शिवाय हे नुकसान समान वाटले जात नाही. निर्यातीचे उत्पन्न कंपन्यांच्या आणि शासनाच्या हिशेबात जमा होते. आटलेली विहीर, गाळाने भरलेले शेत आणि रिकामे जाळे यांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. आटलेल्या विहिरीऐवजी टँकर मागवला, तर उलट त्याचा खर्च उत्पन्नात मिळवला जातो.

उदारीकरणाचे चाक उलटे फिरवावे, अशी मागणी आज कोणताही प्रमुख राजकीय पक्ष गांभीर्याने करत नाही आणि परवाना राजवटीत परतल्याने नद्या स्वच्छ होतील, असे मानायला आधारही नाही. १९९१ मध्ये सुरू झालेल्या सुधारणांचे राहून गेलेले काम पुरे करणे, हा खरा मार्ग आहे. मूल्यांकन करणारा सल्लागार प्रवर्तकाच्या पगारावर नसावा. प्रदूषण नियंत्रण मंडळांत पुरेशी आणि प्रशिक्षित माणसे असावीत. तपासणीचे आकडे सामान्य नागरिकाला सहज पाहता यावेत. दंड इतका असावा, की प्रदूषण करणे परवडू नये. यातील एकही मागणी उद्योगविरोधी नाही.

गोव्यात डिसेंबर २०२२ पासून खाणींचे लिलाव सुरू झाले आणि हा व्यवसाय नव्याने उभा राहू लागला आहे. खनिजाला भाव येईल तेव्हा उत्खननाची मर्यादा पाळली जाते की वाढवून घेतली जाते, कायम निधीतील रक्कम भावी पिढ्यांसाठी राहते की चालू खर्चात जिरते आणि गावातल्या विहिरीची पातळी कोणी नियमित मोजते की नाही, यावरून आपण मागच्या तेजीतून काय शिकलो ते ठरेल. ही मोजणी पुन्हा न्यायालयावर सोडून दिली, तर निकाल येईपर्यंत डोंगर शिल्लक राहिलेला नसेल.